घरातली प्रार्थना, घरातला फोन

कौटुंबिक प्रार्थनेला फोन घेऊन बसायचं असेल, तर आधी त्याचं नेट बंद करा. वाचन चालू असताना वरून बँकेचा मेसेज आला, मागोमाग मामेभावाने टाकलेला विनोद आला, की बोट तिकडे जातंच. त्यात कुणाची श्रद्धा कमी पडत नाही. ते यंत्रच तसं बनवलेलं आहे. छापील पवित्र शास्त्र हातात असेल तर उत्तम. पण आजीला बारीक अक्षर दिसत नाही, इंग्रजी माध्यमातल्या नातवाला मराठी ऐकत ऐकत वाचावं लागतं, आणि एखादा मुलगा दुबईहून याच फोनवर प्रार्थनेला बसतो. फोन येणारच आहे, तर तो एकदा नीट लावून ठेवावा. रविवारी जेवणानंतर तासभर काढला तरी घरातले सगळे फोन होतात.

यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप बहुतेक घरांत असतंच. ते फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. पण ते नुसतं टाकलं म्हणजे पवित्र शास्त्र फोनमध्ये आलं असं नाही. मजकूर नेटवरून येत राहतो. अ‍ॅपमध्ये 'बायबल' उघडा. वर अध्यायाच्या नावाशेजारी आवृत्तीचं छोटं नाव दिसतं, ते दाबलं की आवृत्त्यांची यादी येते. भाषा मराठी निवडा आणि हव्या त्या आवृत्तीपुढचं डाउनलोडचं चिन्ह दाबा. मग परीक्षा घ्या: फोन विमान मोडवर टाका आणि नहूम किंवा हबक्कूक उघडून बघा. योहान किंवा स्तोत्रं उघडून बघण्यात अर्थ नाही, कारण नुकतंच वाचलेलं पान फोनने तात्पुरतं साठवलेलं असतं. ते दिसतं आणि सगळं उतरलं असा गैरसमज होतो.

आवृत्ती कुठली घ्यायची? तुमच्या मंडळीत जी वाचली जाते तीच. मराठीत बायबल सोसायटीची आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) आहे, सोसायटीचीच सोप्या भाषेतली सी. एल. (कॉमन लँग्वेज) आहे, आणि आय. आर. व्ही. (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) वेगळी आहे. तिन्हींची वाक्यं वेगवेगळी. वडील छापील आर. व्ही. वाचताहेत आणि मुलगी फोनवर आय. आर. व्ही. बघतेय, असं झालं की ती दुसऱ्याच ओळीत हरवते आणि पुढच्या वेळी फोन मिटून बसते. पाठांतराच्या वचनांचं तर विचारूच नका: शब्बाथ शाळेत (मंडळीतल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) एक पाठ, घरी दुसरा. मंडळीच्या पत्रकात किंवा वाढदिवसाच्या कार्डावर मोठा उतारा छापायचा असेल तर आय. आर. व्ही. सोयीची पडते. ती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आहे. श्रेय दिलं की छापता येते. बायबल सोसायटीच्या मजकुराला त्यांची परवानगी लागते. कॅथलिक घरांनी एवढं लक्षात ठेवावं की आर. व्ही. आणि आय. आर. व्ही. दोन्ही ६६ पुस्तकांच्या आहेत. मिस्साचं (कॅथलिक उपासनेचं) वाचन टोबित किंवा मक्काबी या कॅथलिक बायबलातल्या जादा पुस्तकांमधून असेल त्या दिवशी ते तिथे सापडणार नाही, आणि तो अ‍ॅपचा बिघाड नाही.

ऐकायचं असेल तर वेगळी सोय लागते. यूव्हर्जनमधला आवाज नेटवरूनच वाजतो, उतरवून ठेवता येत नाही. बायबल डॉट आयएस या अ‍ॅपमध्ये ऑडिओ उतरवता येतो. आधी घरच्या वायफायवर एक शुभवर्तमान घ्या. मार्क सगळ्यात छोटं, १६ अध्यायांचं. आजी-आजोबांच्या फोनमध्ये सगळं बायबल एकदम कोंबलं की जागा भरते, फोन अडखळायला लागतो, आणि पहिला दोष त्या अ‍ॅपला जातो.

वाचनाची योजना अ‍ॅपमधलीच घ्यायला हवी असं नाही; साधा हिशेब पुरतो. संपूर्ण बायबलात १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षभरात संपवायचं तर रोज सव्वातीन. लहान मुलं असलेल्या घरात हे फेब्रुवारीत लेवीयपाशी अडतं. नव्या कराराचे अध्याय २६० आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक धरला तर ५२ आठवड्यांत नेमका संपतो, आणि शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे राहतात. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणजे तारीख तोच अध्याय. अ‍ॅपमधल्या योजना 'तुम्ही इतके दिवस सलग वाचलंत' म्हणून शाबासकी देतात. मोठ्यांना त्याचा उपयोग होत असेल. मुलं मात्र खूण पुरी करायला पान उघडून मिटतात. अशा घरात ती सूचना बंदच केलेली बरी.

नेट बंद केलं तरी साधे कॉल येतात, आणि घरात आजारी माणूस असेल तर फोन पूर्ण बंद ठेवणंही बरं नाही. अँड्रॉइडच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये तारांकित संपर्कांना सूट देता येते. शिवाय 'रिपीट कॉलर्स' चालू ठेवलं, तर एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजतो. हे वेळापत्रकावरही लावता येतं: रोज रात्री साडेआठ ते नऊ. रोज कुणी आठवण करून द्यायला नको.

गीतांचं काय? पुस्तकाच्या पानांचे पन्नास फोटो गॅलरीत टाकून ठेवणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे, आणि ऐन वेळी त्यातला एकही सापडत नाही. घरात नेहमी म्हटली जातात अशी तीस-चाळीस गीतं एकाच गूगल डॉक्समध्ये ठेवा. प्रत्येकाच्या डोक्यावर 'उपासना संगीत'मधला क्रमांक, पहिली ओळ, पट्टी आणि ताल लिहा, आणि ती फाइल 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवा. छापील पानावर गूगल लेन्स धरली की मराठी मजकूर उचलता येतो, पण जोडाक्षरं आणि अनुस्वार तपासून घ्यावे लागतात. कुणाकडे श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील तर त्या व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवताच निरर्थक चिन्हं उमटतात, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो. आधी तो बदलून घ्यावा लागतो. आणखी एक बारीक अडचण: 'दुसऱ्या', 'तुझ्या दारी येणाऱ्या' अशा शब्दांतला ऱ्या दोन पद्धतींनी टाइप होतो, डोळ्यांना सारखाच दिसतो, पण शोधताना यंत्र त्यांना वेगळं समजतं. पहिल्या ओळीत असा शब्द असेल तर क्रमांकाने शोधा. कवी नारायण वामन टिळकांच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही. ते १९१९ साली गेले, आणि आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. नव्या गीतांचं तसं नाही. घरात म्हणायला अडचण नाही, पण त्यांचं संकलन करून वाटायचं असेल तर विचारून घ्या.

परदेशातल्या माणसांसह प्रार्थना

वसईतल्या, मुंबईतल्या, नगर-पुण्याकडच्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी आखातात किंवा कॅनडात असतं. रोजरीला (मण्यांच्या माळेवरच्या कॅथलिक प्रार्थनेला) किंवा आठवड्याच्या कौटुंबिक उपासनेला सगळ्यांना एकत्र आणायचं तर पहिला प्रश्न वेळेचा. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे दुबईत सात, कुवेत, कतार, सौदीत सहा. टोरांटोत उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि हिवाळ्यात दहा, कारण तिथली घड्याळं वर्षातून दोनदा सरकतात आणि आपली सरकत नाहीत. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये 'आज कुणी आलंच नाही' असं होतं ते यामुळे. आमंत्रण गूगल कॅलेंडरमधून पाठवलं तर ज्याला त्याला त्याच्या वेळेत दिसतं. वारही बघा. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, पण कुवेत, कतार, सौदीत ती शुक्रवार-शनिवारच आहे, त्यामुळे तिथल्या मुलाला रविवार हा कामाचा दिवस असतो.

दुसरा प्रश्न कशावरून बोलायचं. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जातो, पण व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल चालत नाही. तिथे इंटरनेटवरून बोलायला मान्यता मिळालेलीच अ‍ॅप चालतात. झूम आणि गूगल मीट चालतात. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत बंद होते. मीटवर तिघं किंवा जास्त असतील तर ६० मिनिटं मिळतात. पाच बिजांची (दहा-दहा 'नमो मरिये'च्या पाच टप्प्यांची) रोजरी आणि एक गीत ४० मिनिटांत सहज बसतं, पण सुरुवातीची दहा मिनिटं 'ऐकू येतंय का' आणि 'बाळाला दाखव' यात जातात. म्हणून मीट घ्या, किंवा गप्पा प्रार्थनेनंतर नुसत्या मेसेजने व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवा.

तिसरा प्रश्न आवाजाचा, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सगळ्यांनी एकत्र गायचं ठरवलं की गोंधळ उडतो. एका घरचा आवाज दुसऱ्या घरी पोहोचायला सेकंदाचा काही भाग लागतो, तिथला परत यायला तितकाच. प्रत्येक घर दुसऱ्याला सांभाळून घ्यायला जातं आणि गीत हळूहळू रखडत थांबतं. नेटचा वेग वाढवूनही हे जात नाही. उपाय एकच: एका घराने गायचं, बाकीच्यांनी माइक बंद करून आपापल्या घरी त्यांच्याबरोबर गायचं. ज्याच्या घरी पेटी-तबला आहे ते घर गाईल. रोजरीचंही तसंच. 'नमो मरिये'चा पहिला अर्धा भाग एका घराने आणि उत्तरार्ध ठरवलेल्या दुसऱ्या एकाच घराने मोठ्याने म्हणायचा, बाकी सगळे म्यूट. बीज बदललं की घरं बदलायची. कुठल्या बिजाला कुणाची पाळी ते आदल्या दिवशी ग्रुपवर लिहून टाका, नाहीतर प्रत्येक बिजाआधी 'आता कोण?' होतं.

पेटी अर्धवट ऐकू येते, मध्येच गायब होते, तबल्याचे नुसते ठोके येतात, ही तक्रारही नेहमीची. कॉलच्या अ‍ॅपमध्ये मागचा गोंगाट गाळणारी सोय आधीपासून चालू असते. तिला माणसाचं बोलणं ओळखता येतं. पेटीचा लांब सूर तिच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखाच, म्हणून ती तो कापते. झूममध्ये यावर उतारा आहे. ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा, आणि बैठक सुरू झाल्यावर पडद्यावर त्याच नावाचं बटण दिसेल तेही चालू करा. सेटिंगमध्ये केलं आणि बैठकीत विसरलं, तर काहीच फरक पडत नाही. हे फक्त गाणाऱ्या घराने करायचं. ते चालू असताना पंखा, कुकर, रस्त्यावरचे हॉर्न सगळं जसंच्या तसं जातं, तेव्हा खिडकी लावून घ्या. फोन पेटीवर ठेवू नका, भात्याची कंपनं माइकमध्ये जातात. समोर हातभर अंतरावर, गाणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीला ठेवा. आणि एकाच खोलीत दोन फोन एकाच कॉलवर असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा, नाहीतर ती कर्कश शिट्टी घुमायला लागते.

टीव्हीवरची मिस्सा आणि मंडळीचं थेट प्रक्षेपण

घराबाहेर पडू न शकणाऱ्या आजीसाठी यूट्यूबवरची मिस्सा किंवा उपासना हा मोठा आधार आहे. टीव्हीवर दोन गोष्टी करा. आपल्या धर्मग्रामाचा किंवा मंडळीचा चॅनल सबस्क्राइब करून ठेवा, आणि 'ऑटोप्ले' बंद करा. ऑटोप्ले चालू असेल तर आशीर्वाद संपतो न संपतो तोच पुढचा व्हिडिओ सुरू होतो, आणि तो बहुधा कुठल्यातरी आरडाओरडा करणाऱ्या चमत्कारवाल्याचा असतो. रिमोट दूर असलेली आजी ते तासभर ऐकत बसते. असलं काही एकदा पूर्ण वाजलं की तसलंच पुन्हा सुचवलं जातं. हिस्टरीत जाऊन तेवढा व्हिडिओ काढून टाका.

प्रक्षेपण करण्याचं काम बहुधा घरातल्याच एखाद्या कॉलेजच्या पोरावर येतं, म्हणून त्याच्यासाठी थोडं. मोबाइलवरून यूट्यूब लाइव्ह करायला चॅनलचे किमान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा लाइव्हची परवानगी मागितली की ती सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) सकाळी चॅनल काढून चालत नाही. ७२० पिक्सेलच्या चित्राला साधारण ४ एमबीपीएसचा अपलोड धरा, म्हणजे तासाला सुमारे १.८ जीबी. दीड तासाच्या उपासनेला २.७ जीबी झाले. रोज दीड किंवा दोन जीबीचं रिचार्ज असलेला फोन संदेश ऐन रंगात आला की थांबतो, कारण कोटा संपतो आणि वेग कोसळतो. लोक त्याला 'चर्चमध्ये रेंज नाही' म्हणतात. चित्राचा दर्जा उतरवा, नाहीतर ब्रॉडबँड घ्या.

उपासनेआधी वातावरणनिर्मितीसाठी कुठल्याही कंपनीच्या अल्बममधलं गाणं स्पीकरवर लावू नका. धार्मिक विधीच्या ओघात गीत किंवा ध्वनिमुद्रण वाजवायला आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण यूट्यूबचं यंत्र कायदा वाचत नाही. त्याला मूळ ध्वनिमुद्रण ओळखू आलं की ते हक्काचा दावा लावतं, कधी प्रक्षेपणच तोडतं. पेटीवर स्वतः वाजवलेल्या जुन्या चालीला सहसा त्रास होत नाही. आणि कॅमेरा वेदीवर ठेवा, लोकांवर नको. प्रभुभोजनाला किंवा ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत उभे राहिलेले लोक, रडणारं माणूस, पहिल्या कम्युनियनच्या मुलांचे चेहरे नावांसकट, हे सगळं जगाला दाखवायची गरज नसते. मुलांचं दाखवायचंच असेल तर आईवडिलांना आधी विचारा आणि व्हिडिओ 'अनलिस्टेड' ठेवा.

मुलांचे फोन

कुलपाने मूल घडत नाही हे खरं. पण दार सताड उघडं ठेवायलाही कुणी सांगितलेलं नाही. १३ वर्षांखालच्या मुलासाठी गूगल फॅमिली लिंकवरून वेगळं खातं काढा. त्यात रोजची मर्यादा, झोपेची वेळ आणि नवीन अ‍ॅप टाकताना पालकांची मंजुरी एवढी तीन कामं लावली की पुष्कळ झालं. बायबलचं अ‍ॅप 'नेहमी परवानगी'च्या यादीत टाका, म्हणजे गेमने वेळ संपवला म्हणून वाचन अडत नाही. हे सगळं कुठे फसतं? आजोबांच्या फोनवर. मुलाच्या फोनला सतरा बंधनं आणि आजोबांच्या फोनला लॉकच नाही, असं बऱ्याच घरांत असतं. आजोबांनाही चार आकड्यांचा पिन लावायला शिकवा आणि तो नातवासमोर दाबू नका म्हणून सांगा.

लहान मुलांना यूट्यूब किड्समध्ये 'फक्त मंजूर केलेलं' हा पर्याय द्या. तुम्ही निवडलेले चॅनल आणि व्हिडिओच दिसतात, शोध बंद असतो. शब्बाथ शाळेची अभिनयगीतं, बायबलमधल्या गोष्टी, विज्ञानाचा एखादा चॅनल, बस. नऊच्या पुढे देखरेखीतलं यूट्यूब खातं देता येतं. त्यातली सगळ्यात कडक पातळी नऊपासून पुढच्यांसाठी, मधली तेरापासून. शॉर्ट्स मात्र या पातळ्यांतूनही झिरपतात, तेव्हा अधूनमधून हिस्टरी बरोबर बसून बघा.

अश्लील संकेतस्थळं गाळायला सगळ्यात सोपा आणि फुकट उपाय डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. अँड्रॉइडमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा आणि तिथे इंग्रजी अक्षरांत 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम' लिहा. मोकळी जागा नको, क्लाउडफ्लेअर आणि डीएनएस यांच्यामध्ये आडवी रेघ हवी. हे मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीवर चालतं. घरच्या राउटरमध्ये लावायचं तर डीएनएसच्या दोन रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका, म्हणजे टीव्ही आणि लॅपटॉपही त्यात येतात. एखाद्या कॉलेजच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर सापडत नाही' असं येऊन नेट बंद पडलं, तर तिथल्या नेटवर्कने ती वाट अडवलेली असते; तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा आणि घरी आल्यावर पूर्ववत करा. या चाळणीची मर्यादाही ओळखून असा. ती संकेतस्थळ अडवते, इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामच्या आतलं काही अडवत नाही, आणि व्हीपीएन (नेटला दुसरी आडवाट देणारं साधन) टाकलं की ती निकामी. म्हणून फॅमिली लिंकची मंजुरी आणि हे जोडीने लावायचं.

व्हॉट्सअ‍ॅपचं किमान वय १३ आहे. शब्बाथ शाळेचा किंवा कॅटेकिझमचा (कॅथलिक धर्मशिक्षणाच्या वर्गाचा) ग्रुप आईच्या फोनवर असू द्या. तरुण संघाच्या ग्रुपवर दोन तरी मोठी माणसं अ‍ॅडमिन असावीत, आणि कुठल्याही मोठ्या माणसाने, मग ते पाळकसाहेब असोत की फादर, अल्पवयीन मुलामुलीशी खासगीत चॅट करू नये. हा नियम सुरुवातीलाच लिहून टाकला की नंतर कुणाला वाईट वाटत नाही.

ग्रुपवरचं बोलणं

मंडळीच्या मोठ्या ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिनने लिहावं अशी सोय करा, नाहीतर अंत्यविधीची वेळ दोनशे गुड मॉर्निंगच्या खाली गाडली जाते. आपल्या बाजूने 'मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' तिथे 'माझे संपर्क' करा. मीडिया आपोआप उतरणं बंद ठेवा. फोन भरण्याचं निम्मं कारण फुलं आणि वचनं छापलेली चित्रंच असतात.

प्रार्थना विनंती टाकताना हात आखडता घ्या. पूर्ण नाव, आजार, रुग्णालय, वॉर्ड आणि रिपोर्टचा फोटो, असं सगळं चारशे लोकांच्या ग्रुपवर जातं आणि तासाभरात दुसऱ्या शहरात पोहोचतं. लग्नाच्या मुलीचं ऑपरेशन, कुणाचं व्यसन, कुणाचा गर्भपात, हे पुन्हा झाकता येत नाही. 'आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करा' एवढं देवाला पुरतं. नाव लिहायचंच तर घरच्यांना विचारून.

वचनांचे फॉरवर्ड तपासून घ्या. एआयकडून लिहून घेतलेल्या संदेशांत बनावट संदर्भ येतात, आणि ते खात्रीच्या सुरात येतात. ओबद्या, फिलेमोन, २ योहान, ३ योहान आणि यहूदा या पुस्तकांना एकच अध्याय आहे. 'यहूदा ३:२' दिसलं की पुढचं वाचायचीही गरज नाही. बाकी ठिकाणी अ‍ॅप उघडून ती ओळ बघायला वीस सेकंद लागतात. चर्चवर हल्ला झाल्याच्या फोटोंना तर दुप्पट जपा. एकेरीऐवजी दुहेरी बाणाचं चिन्ह असेल तर तो मेसेज पुष्कळ हातांतून आलेला असतो. फोटो गूगल लेन्समध्ये टाका; तो जुना किंवा दुसऱ्याच देशातला असेल तर बहुधा लगेच कळतं. दोन समाजांत तेढ पसरवण्याचं कलम भारतीय न्याय संहितेत १९६ क्रमांकाचं आहे, आणि 'मला आलं तेच पुढे पाठवलं' हा त्यावरचा बचाव नव्हे.

दान आणि फसवणूक

अर्पणपेटीवरचा क्यूआर स्कॅन केल्यावर रक्कम टाकण्याआधी पडद्यावरचं नाव वाचा. मंडळीचं किंवा ट्रस्टचं नाव हवं. एखाद्या अनोळखी माणसाचं नाव दिसलं तर वरून दुसरा कागद चिकटवलेला असू शकतो. थांबून खजिनदाराला दाखवा. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात 'दशांश' आणि महिना लिहा, नाहीतर खजिनदाराच्या बँक उताऱ्यात नुसता व्यवहार क्रमांक दिसतो आणि मार्चअखेर पावत्या जुळत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकांच्या दानात एक फरक आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. त्याने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, ते विदेशी देणगी ठरतात. ते एफसीआरएची (विदेशी देणगी कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच आणि तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच घेता येतात. अशा मुलाने आईच्या फोनवरून मंडळीचा क्यूआर भरून दिला तर त्याला मदत केल्यासारखं वाटतं, पण अडचणीत येतात विश्वस्त.

विश्वासू माणसाला फसवायला विश्वासाचीच भाषा वापरतात. पाळकसाहेबांचा फोटो लावलेला नवा नंबर, 'मी सभेत आहे, बोलता येणार नाही, एका आजारी बांधवासाठी तातडीने पाठवा'. अशा वेळी मेसेजला उत्तर न देता जुन्या नंबरवर फोन करा. फेसबुकवरची परदेशी 'ख्रिस्तातली बहीण' भेटवस्तूंचं पार्सल पाठवते आणि मग दिल्ली विमानतळावरच्या 'कस्टम अधिकाऱ्या'चा फोन येतो. खासगी खात्यात किंवा यूपीआयवर शुल्क मागितलं म्हणजे ती फसवणूकच. व्हिडिओ कॉलवर पोलिस असल्याचं सांगून धमकावतात ती 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कुठल्याही कायद्यात नाही. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही.

नाताळ आणि लग्नसराईत लग्नपत्रिकेच्या नावाने '.एपीके' शेवटी असलेली फाइल येते. खरी पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अ‍ॅप, आणि ते बसलं की ओटीपीचे मेसेज वाचून पुढे पाठवू शकतं. सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' शोधा, त्यात व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाइल मॅनेजर तिन्हींपुढे 'परवानगी नाही' करा. आईच्या फोनवर आधी. बरोबरच व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी 'टू-स्टेप' पिन लावा.

तरीही पैसे गेलेच, तर लाजेने घरात लपवून ठेवू नका. आधी १९३० वर फोन, लगेच बँकेच्या ग्राहक क्रमांकावर, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा नंबर कागदावर लिहून हाताशी ठेवा. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच अंगावर येतं, कळवल्यानंतर जाईल ते बँकेच्या. त्यामुळे घरात कुणाला काय सांगायचं ते नंतर ठरवा. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आधी घ्या आणि तो मिळाल्याची वेळही लिहून ठेवा.